मिनीडीव्ही कॅसेटी डिजिटल करून घेतल्या, माझा अनुभव (जरा मोठा आहे)

स्टार द्यायचे तर पाचातले साडेचार. अर्धा कापलाय तो उशिराबद्दल, तीन आठवडे म्हणाले होते आणि सात लागले. पण काम असं केलंय की ज्यांच्या कपाटात हँडीकॅमच्या त्या छोट्या कॅसेटी पडून आहेत त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं, कारण मी आधी दुसरीकडे पस्तावलोय आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

माझ्या कॅसेटी लग्नामुंजीच्या नाहीत. मी फौजेतल्या सिग्नल्सचा म्हणजे रेडिओ-संदेशवाल्यांचा माणूस, हवालदार म्हणून रिटायर झालो. २००६-०७ मध्ये वर्षभर यूएन मिशनवर काँगोला होतो, अगदी पूर्वेकडे, उत्तर किवू प्रांत, गोमा शहर. तेव्हा मिशनचं नाव मोनुक होतं, २०१० पासून मोनुस्को झालं. काँगो आपल्या फौजेला नवीन नाही, १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचन सिंग सलारियांना तिथंच एलिझाबेथव्हिलला वीरमरण आलं आणि परमवीर चक्र मिळालं, जायच्या आधी आम्हाला हे सगळं शिकवलं होतं. पण शिकवलेलं वेगळं आणि तिथं जाऊन राहणं वेगळं. घरच्यांना दाखवता यावं म्हणून जायच्या आधी हँडीकॅम घेतला आणि वर्षभरात नऊ कॅसेटी भरल्या. परत आल्यावर दोनदा बघितल्या असतील, मग कॅमेऱ्याची बॅटरी गेली आणि सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गेलं ते तिथंच राहिलं.

जानेवारी २०२५ मध्ये टीव्हीवर बातमी आली की एम२३ या बंडखोरांनी गोमा घेतलं. रस्ता दाखवत होते आणि मी एकदम उभाच राहिलो, म्हणलं अरे हा आपला विमानतळाचा रस्ता. घरात कुणाला काही कळेना. त्याच रात्री डबा काढला.

आता आधीचा अनुभव. एका दुकानात दिल्या, नाव लिहीत नाही. नशीब की नऊतल्या दोनच दिल्या होत्या. चार दिवसांत डीव्हीडी हातात. घरी सगळे बसलो बघायला आणि लावली तर आधी गुलाबाची फुलं उडतायत, कोपऱ्यात दुकानाचा फोन नंबर आणि मागे सनई. म्हणलं सुरुवातीपुरतं असेल. नाही, शेवटपर्यंत तसंच. मूळ आवाज काढूनच टाकलेला. विचारायला गेलो तर तो मुलगा म्हणाला काका, आत नुसती जनरेटरची घरघर होती म्हणून चांगलं म्युझिक टाकलं, त्याचे वेगळे पैसे पण घेतले नाहीत. त्यानं वाईट मनानं केलं नाही हे मला कळतं. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कारण त्याला घरघर वाटली ती आमच्या पोस्टची नाडी होती. जनसेट म्हणजे जनरेटर, तो चालू म्हणजे रेडिओ सेट चालू, सेट चालू म्हणजे डोंगरावरच्या पोस्टी आपल्याशी बोलतायत, तिथं सगळं ठीक आहे. रात्री तो आवाज असताना माणसं गाढ झोपायची आणि जनसेट बंद पडला की आवाज थांबल्यामुळं जागी व्हायची. बारा महिने मी त्या आवाजाच्या आत बसून कानाला हेडसेट लावून काम केलंय, त्याच्यावर सनई?

मग मुलीनं शोधून हे दुकान काढलं. फोन केला तर पैशाचं बोलायच्या आधी त्यांनी विचारलं की रेकॉर्डिंग एसपीवर (नेहमीच्या वेगानं) आहे का एलपीवर (हळू वेगानं), ज्या कॅमेऱ्यानं केलं तो कॅमेरा अजून आहे का आणि आवाज बारा बिटचा आहे का सोळा. मला यातलं एकच उत्तर येत होतं, कॅमेरा आहे. ते म्हणाले तो घेऊनच या, बंद असला तरी चालेल. इथंच मला वाटलं की माणूस जाणकार आहे.

एलपीचं असं आहे की साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं बसतात. पोस्टवर कोऱ्या कॅसेटी कुठून मिळणार, म्हणून मी सगळं एलपीवर केलेलं. पण त्यात टेपवरच्या रेघा बारीक होतात आणि दुसऱ्या मशीनवर लावलं की चित्रात चौकोन चौकोन फुटतात, आवाज तुटतो. ज्या कॅमेऱ्यानं लिहिलं तोच ते नीट वाचतो. म्हणून जुना हँडीकॅम भंगारात देऊ नका, बॅटरी गेली असली तरी अॅडॉप्टरवर चालतो. यांनी माझा कॅमेरा उघडून आतला रोलर आणि हेड साफ केलं आणि त्यावरच सगळ्या कॅसेटी चालवल्या.

दुसरी गोष्ट वायरची. मिनीडीव्हीवर चित्र आकड्यांतच लिहिलेलं असतं, ते फायरवायरनं, काही कॅमेऱ्यांवर त्याला आय-लिंक लिहिलेलं असतं, जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरतं, काही कमी होत नाही. पहिल्या दुकानानं पिवळी-लाल-पांढरी वायर लावून डीव्हीडी रेकॉर्डरवर घेतलं होतं, म्हणजे आकड्यांचं चित्र केलं आणि त्या चित्राचे परत आकडे, आणि वर दाबून लहान केलं. कुठल्याही दुकानात आधी हेच विचारा, फायरवायरनं घेता का. घेत नसतील तर कॅसेट खिशात घालून परत या. मूळ फाइल मोठी होते, तासाला साधारण १३ जीबी, माझं सगळं मिळून दीडशे जीबीच्या वर गेलं, हार्ड डिस्क आपली द्यायची. शिवाय मोबाईलवर बघायला छोटी एमपी४ पण करून देतात, ती घरच्यांसाठी, पण जपायची ती मोठी.

सहावी कॅसेट. हिचं सांगायलाच पाहिजे. त्यांनी मला बोलावून घेतलं, टेबल लँपखाली कॅसेटचं झाकण नखानं उचललं आणि म्हणाले बघा. पाव इंच रुंदीची ती काळी टेप आणि तिच्या कडेनं पांढरी पूड बसल्यासारखं. बुरशी. आपल्याकडचे एकोणीस पावसाळे. ही अशीच कॅमेऱ्यात घातली असती तर हेड खराब झालं असतं आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागलं असतं. त्यांनी माझ्यासमोर बारीक स्क्रू काढले, दोन्ही चकत्या चिमट्यानं उचलून दुसऱ्या रिकाम्या खोक्यात बसवल्या, मग टेप हातानं हळूहळू फिरवत साफ करत गेले. मी बाजूला स्टुलावर बसून होतो, तासभर कुणी काही बोललं नाही. तरी अकरा मिनिटं गेलीच. त्या अकरा मिनिटांत काय होतं ते मला आठवत नाही आणि तेच जास्त लागतं.

एक मला फार पटलं. मी आधीच सांगितलं होतं की हे फौजेचं आहे. तसं ऑपरेशनचं यात काही नाही, ते शूट करायची परवानगीच नव्हती आणि मी केलंही नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये बंडखोर नेता नकुंडाचे लोक साके गावावर चालून आले, गोम्यापासून पंचवीसेक किलोमीटर, आणि आपल्या लोकांनी बीएमपी म्हणजे चिलखती गाड्या आणि हेलिकॉप्टर घेऊन त्यांना अडवलं, त्या दिवसांचं माझ्याकडं एक सेकंदही नाही, तेव्हा कॅमेरा ट्रंकेत होता आणि मी सेटवर. पण तरी माणसांचे चेहरे असतात, पोस्टचा कोपरा दिसतो. यांनी काम चालू असताना मला बसू दिलं आणि शेवटी त्यांच्या मशीनवरची कॉपी माझ्यासमोर डिलीट केली. फौजी भावांनो, हे बोलून घेत जा.

आता खरं सांगायचं ते आवाजाचं.

त्यांनी एका मिनिटाचा नमुना दोन प्रकारे करून ऐकवला. एक जसाच्या तसा, एक नॉईज काढून. संध्याकाळची वेळ आहे, मी सेटसमोर, बाहेर पाऊस, पत्र्यावर ताडताड. मसिसीच्या, म्हणजे उत्तर किवूतल्याच एका भागाच्या, डोंगरातला पाऊस आपल्या घाटावरच्यासारखाच, हिरवं हिरवं, मधे मधे गाई, तिथं चीजचे गोल गोल गोळे पण करतात. तर साफ केलेल्यात जनसेट गेला, पाऊसही जवळजवळ गेला आणि माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. मी म्हणलं नको. त्यांनी समजावायचा वगैरे काही प्रयत्न केला नाही, म्हणाले बरोबर आहे, मूळचंच ठेवू. मोठमोठे शब्द वापरणारे पुष्कळ बघितले, पण हात न लावणारा कारागीर कमी मिळतो.

त्या एका मिनिटात रेडिओ चेक चालू आहे. मी कंट्रोल स्टेशन, डोंगरावरच्या पोस्टी एकेक करून उत्तर देतायत. त्यातल्या एका पोस्टवर एक तमिळ गडी होता. वर्षभर आम्ही रोज बोललो, सकाळ संध्याकाळ, आणि प्रत्यक्ष भेटलो फक्त दोनदा. तो चेहऱ्यानं समोर आला तेव्हा मी ओळखलंच नाही, त्यानं तोंड उघडलं आणि ओळखलं. सिग्नलवाल्यांचं असंच असतं, आपली दोस्ती कानातली. "ओके ओव्हर" म्हणताना तो ओव्हर जरा लांबवायचा, आणि ज्या दिवशी लांबवला नाही त्या दिवशी मला कळायचं की तिकडं काहीतरी टेन्शन आहे. नॉईज काढलेल्यात तो लांबवलेला शेवट कापला गेला होता. मूळ आवाजात आहे. मी ते चाळीस सेकंद कापून त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवले, एकोणीस वर्षांनी. नंबर जुन्या युनिटच्या एकाकडून मिळवला. दोन तासांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला, त्यात फक्त "ओके ओव्हर", तसाच लांबवलेला. मी कितीदा ऐकला असेल.

दुकानात हेडफोन लावून ऐकताना मुलगी बरोबर होती. ती म्हणाली बाबा मागे किती किडे ओरडतायत. मला काहीच ऐकू येईना. एवढी वर्षं हेडसेटची खरखर, जनसेट आणि फायरिंग, मला वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येत नाहीत, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पण तेव्हा कळलं की काय गेलंय. तिनं मग मला सांगितलं, आता थांबले, आता परत सुरू झाले, आता बेडकासारखं काहीतरी. मी तिथं वर्षभर राहिलोय आणि ती मला सांगतेय की तिथली रात्र कशी होती. आपल्याला जे ऐकू येत नाही ते टेपवर असतं, म्हणून नॉईज म्हणून काही काढू देऊ नका.

तिसऱ्या कॅसेटमध्ये चुकुडू आहेत. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, ही लाकडाची स्कूटर असते, इंजिन नाही, पेडल नाही, चाकंसुद्धा लाकडाची आणि त्यावर टायरच्या रबराची पट्टी ठोकलेली. त्यावर कोळशाची पोती, बटाटे, लाकडं असं काय काय लादून माणूस एक गुडघा टेकवून उतारावरून खाली येतो. चढावर ढकलत नेतो. रस्ते म्हणजे काळा दगड, १७ जानेवारी २००२ ला न्यिरागोंगो फुटला तेव्हा लाव्हा गोम्याच्या मधून वाहत किवू तलावात गेला होता, त्याच दगडावर परत घरं बांधलेली, त्याच दगडाची कंपाऊंड. त्या दगडावरून चुकुडू जाताना लाकूड एक प्रकारे किंचाळतं, आपल्या बैलगाडीचा आस कोरडा पडल्यावर येतो तसा पण बारीक. तो आवाज ऐकला आणि मला धुळीचा वास आला, खरंच आला.

पाचव्यात रात्रीचा न्यिरागोंगो आहे. ३४७० मीटरचा डोंगर, शहराच्या उत्तरेला, वर तोंडात लाव्हाचं तळं, रात्री ढगांना खालून लाल उजेड. चित्रात काही नाही, काळं आणि त्यात एक तांबूस डाग, कुणालाही वाटेल कॅमेऱ्याची टोपी लावून शूट केलंय. पण आवाजात आम्ही तिघं जण हळू आवाजात बोलतोय. डोंगर झोपलेला असताना मोठ्यानं बोलू नये असं काहीतरी वाटायचं सगळ्यांनाच. एक जण विचारतोय की हा परत फुटला तर आपण कुठल्या बाजूला पळायचं, दुसरा म्हणतोय तलावाकडं, तर पहिला म्हणतो तलावात खाली गॅस आहे म्हणतात. मग कुणीच बोलत नाही. पुढं मे २०२१ मध्ये तो परत फुटलाच, बातमीत बघून मी त्या दोघांना फोन केला होता.

आणि सातवी. आमचा लँग्वेज असिस्टंट, तिथलाच तरुण, फ्रेंच, स्वाहिली, इंग्लिश येणारा. चहाच्या वेळी आम्ही शब्दांचा खेळ खेळायचो. मी म्हणायचो पैसा, तो म्हणायचा पेसा. मी दुकान, तो दुका. मी गाडी, तो गारी. मी हवा, तो हेवा. दुनिया म्हणलं तर तोही दुनियाच म्हणाला आणि मग दोघंही गप्प झालो, कारण एवढ्या लांब येऊन तोच शब्द मिळेल असं वाटलं नव्हतं. चहाला ते चाईच म्हणतात आणि चपातीला चपाती. ३० जुलै २००६ ला तिथं मतदान झालं, चाळीस वर्षांनंतर अनेक पक्षांचं पहिलं, आणि तो शाई लागलेलं बोट कॅमेऱ्यासमोर धरून उभा आहे, काही बोलत नाही, नुसतं बोट. त्याच्याशी संपर्क २०१० च्या आसपास तुटला. जानेवारीत ती बातमी बघितल्यापासून तो कुठं असेल हा विचार रोज येतो. त्याचा आवाज आता माझ्याकडं नीट आहे एवढं आहे. पहिल्या दुकानात मी चुकून ही कॅसेट दिली असती तर त्या बोटावर सनई वाजली असती.

पैशाचं सांगायचं तर एका कॅसेटचे ५०० रुपये पडले, बुरशीवालीचे वेगळे. स्वस्त नाही, पण मला जास्त वाटले नाहीत. कॅसेटी परत मागून घ्या आणि टाकू नका, उभ्या ठेवा, कोरड्या जागेत. उशीर झाला तो फोन करून कळवला असता तर बरं झालं असतं, दरवेळी मलाच विचारावं लागलं, हे त्यांनी सुधारावं. दुकान वरच्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, गुडघेदुखीवाल्यांनी कुणाला तरी बरोबर न्यावं.

शेवटी एक राहिलं. मिनीडीव्हीवर चित्राबरोबर तारीख आणि वेळही लपून लिहिलेली असते, हे मलाही माहीत नव्हतं. डीव्हीडीवाल्यानं ती घालवली होती. यांनी ती काढून प्रत्येक तुकड्याच्या फाइलला नाव म्हणून दिली. मधे एकदा त्यांचा फोन आला, साहेब, तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं दिसतंय, रात्रीचे पावणेनऊ लिहिलंय आणि चित्रात ऊन आहे, काँगोच्या वेळेप्रमाणं सगळं साडेतीन तास मागं घेऊ का, एका क्लिकचं काम आहे. मी म्हणलं थांबा. ते घड्याळ मी मुद्दामच बदललं नव्हतं. शूट करताना स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ दिसायची ती घरची, इथं तलावावर ऊन आहे पण तिकडं पावणेनऊ, पोरगी चार वर्षांची, जेवून झोपली असेल, आता फोन करायला नको. वर्षभर मनगटावर तिथली वेळ आणि कॅमेऱ्यात घरची.

त्यांनी विचारलं मग काय करू. मी म्हणलं आहे तशीच राहू द्या. फाइलचं नाव आहे १४ ऑक्टोबर २००६, २०.४५, आणि उघडली की किवूच्या पाण्यावर ऊन चमकतंय, मागं जनसेट चालू आहे.